सपोर्टला तिकीट टाकण्याआधी: सर्व्हिस मेशचा पुरावा कसा गोळा करायचा

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' बरेचसे काढलेत, सगळे नाही. मध्ये एकदा रेल्वेचा भोंगा ऐकू येतो तो खरा आहे, इफेक्ट टाकलेला नाही.)

आजचा भाग मी पुण्यातून नाही, चिंचपाड्यातून रेकॉर्ड करतोय. नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सुरत-भुसावळ लाईनवरचं छोटं स्टेशन. घरी आलो की काम इथूनच करतो. आज ज्या भानगडीबद्दल बोलणार आहे ती मी इथे बसूनच निस्तरली. खरं तर आधी इथे बसूनच बिघडवली, मग निस्तरली.

विषय असा: तुमच्याकडे सर्व्हिस मेश आहे, त्यात काहीतरी बिनसलंय, तुम्हाला कळत नाहीये, आणि आता तुम्ही सपोर्टकडे जाणार आहात. पैसे देऊन घेतलेला सपोर्ट असेल, नाहीतर प्रोजेक्टच्या मेन्टेनर लोकांकडे बग टाकणार असाल. त्यांना काय द्यायचं? कधी गोळा करायचं? आणि काय अजिबात द्यायचं नाही?

ज्यांना मेश नवीन आहे त्यांच्यासाठी दोन मिनिटं. तुमचं सॉफ्टवेअर पंधरा-वीस लहान सेवांमध्ये विभागलेलं आहे आणि त्या एकमेकींना सतत हाका मारतात. मेश काय करतं, तर प्रत्येक सेवेच्या दारात एक माणूस बसवतं. आत येणारी, बाहेर जाणारी प्रत्येक हाक त्याच्या हातून जाते. तो ती कुलूपबंद करतो, कुणाकडे न्यायची ते ठरवतो, आणि वहीत नोंद करतो. हा माणूस म्हणजे प्रॉक्सी, साइडकार. इस्टिओमध्ये तो एन्व्हॉय असतो, लिंकरडीमध्ये त्यांचा स्वतःचा. या सगळ्या दारवानांना रोजच्या सूचना देणारं मुख्य ऑफिस म्हणजे कंट्रोल प्लेन. ट्विटरमधून बाहेर पडलेल्या दोघा इंजिनिअर लोकांनी २०१६मध्ये लिंकरडी आणलं, मे २०१७मध्ये गूगल, आयबीएम आणि लिफ्ट यांनी इस्टिओ जाहीर केलं. आज मी इस्टिओचीच उदाहरणं देणार, कारण भानगड त्याच्यावर झाली.

तर आमची भानगड. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. शेतकरी डेअरीला दूध घालायला येतो, काट्यावर लिटर येतात, मशीनवर फॅट येतं, ऑपरेटर बटण दाबतो, नोंद सर्व्हरवर जाते आणि पावती निघते. मागे दोन सेवा आहेत, एक 'संकलन' आणि दुसरी 'खाते'. संकलन हाक मारतं, खाते शेतकऱ्याच्या नावावर जमा करतं.

मध्येच कधीतरी पावती निघेना. स्क्रीनवर ५०३. हजारात दोन-चार वेळा. ऐकायला काही वाटत नाही, पण केंद्रावर रांगेत उभा असलेल्या माणसाचं ते सकाळचं सगळं दूध असतं. कॅन तर रिकामा झाला, दूध टाकीत गेलं, पावती नाही. ऑपरेटर पुन्हा दाबायला घाबरतो, दोनदा जमा झालं तर हिशेब त्याच्या अंगावर. नाही दाबलं तर शेतकऱ्याचे पाच लिटर हवेत. शेवटी काही केंद्रांनी वही काढली. आमच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे देऊन वही!

त्यात विचित्र गोष्ट अशी, की गर्दीच्या वेळी सगळं सुरळीत. चुका व्हायच्या संकलन सुरू होताना आणि संपत येताना. लोड नसताना. आमच्या टीममध्ये सगळे लोडकडे बघत होते.

मी तिकीट टाकलं. काय लिहिलं होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो: 'मेशमधून अधूनमधून ५०३ येतोय, सकाळी साडेसहाच्या सुमारास जास्त, अर्जंट आहे.' सोबत एक स्क्रीनशॉट. लॉगचा स्क्रीनशॉट, मंडळी. ज्यात शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही.

सपोर्टवाले दुसऱ्या टाइमझोनमध्ये. आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ. पहिलं उत्तर: व्हर्जन कोणतं? गेला एक दिवस. मी व्हर्जन दिलं, लॉग दिले. दुसरं उत्तर: सांगितलेल्या वेळेत आम्हाला एकही चूक दिसत नाही. गेला दुसरा दिवस. मी थोडा चिडलोच. रात्री जेवताना आई म्हणाली, "अरे, त्यांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच आहे का?" तिला अमेरिकेतल्या भाच्याच्या फोनमुळे एवढं माहीत. मला माहीत असून सुचलं नव्हतं.

प्रॉक्सीचे लॉग यूटीसीमध्ये असतात. आपण साडेपाच तास पुढे. माझे सकाळचे साडेसहा म्हणजे लॉगमधला रात्रीचा एक. मी नुसतं 'साडेसहा' लिहिलं, त्यांनी लॉगमधले साडेसहा बघितले. म्हणजे आपले दुपारचे बारा, तेव्हा केंद्रं बंद. चूक कुठून दिसणार? म्हणून पहिली सवय ही: वेळ लिहिताना तारखेसकट, यूटीसीमध्ये, सेकंदापर्यंत. शेजारी भारतीय वेळ लिहिली तरी चालेल, पण दोन्ही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या गावात ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, तालुक्यात सगळ्यांना माहीत. कुठल्याही दवाखान्यातून पेशंटला पुढे मोठ्या ठिकाणी पाठवतात तेव्हा सोबत चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीत 'पेशंटला बरं नाही' असं लिहिलेलं नसतं. कधीपासून, किती ताप, काय दिलं, किती वाजता दिलं, त्यानंतर काय झालं, हे असतं. पुढच्या डॉक्टरने पेशंटला कधी पाहिलेलंही नसतं, त्याच्या हातात फक्त ती चिठ्ठी. तिकीट हे तसं आहे. सपोर्टवाल्याला तुमचं क्लस्टर दिसत नाही. तुम्हाला जे 'उघडच' वाटतं ते त्याला माहीत नाही.

आणि मेशच्या बाबतीत त्या चिठ्ठीचा गाभा म्हणजे एक फसलेली हाक. एकच. पण तिची नोंद दोन्ही दारांवरची.

हे दोन्ही दारांचं नीट सांगतो. नवापूरचं स्टेशन तुम्ही ऐकून असाल, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथे प्लॅटफॉर्मवर काही हरवलं आणि तुम्ही एकाच बाजूला चौकशी केली, तर 'आमच्या हद्दीत नाही, तिकडे विचारा' असं उत्तर येऊ शकतं. उत्तर खोटं नाही, पण उपयोगाचंही नाही. मी नेमकं हेच केलं होतं. चूक 'संकलन'मध्ये दिसत होती म्हणून लॉग फक्त संकलनच्या प्रॉक्सीचे दिले. त्यात ओळ होती: ५०३, कारणाच्या रकान्यात 'व्हाया अपस्ट्रीम'. म्हणजे तो प्रॉक्सी सांगतोय, हे मी केलेलं नाही, पलीकडून जसं आलं तसं दिलं. पलीकडच्या, 'खाते'च्या दारावरच्या प्रॉक्सीचा लॉग मी पाठवलाच नव्हता.

तो काढला तेव्हा तीच हाक तिथे अशी होती: ५०३, आणि पुढे दोन अक्षरं, यूसी.

ही अक्षरं म्हणजे एन्व्हॉयचे रिस्पॉन्स फ्लॅग. सपोर्टचा माणूस सगळ्यात आधी हेच शोधतो. यूएफ म्हणजे पलीकडे कनेक्शन जोडताच आलं नाही. यूएच, पलीकडे एकही धडधाकट पॉड नाही. एनआर, रस्ताच सापडला नाही, बहुतेक वेळा कॉन्फिगची चूक. डीसी, हाक मारणाराच मध्ये निघून गेला. आणि यूसी म्हणजे कनेक्शन जोडलेलं होतं, ते समोरच्याने तोडलं. बघा, स्क्रीनवर त्यातल्या बऱ्याच वेळा एकच ५०३ दिसतो. नुसता ५०३ सांगणं म्हणजे 'पोटात दुखतंय' एवढंच सांगणं.

दोन दारांवरची हाक एकच आहे हे कसं ओळखायचं? एक्स-रिक्वेस्ट-आयडी. एन्व्हॉय प्रत्येक हाकेला नंबर देतो, आणि संकलनच्या प्रॉक्सीपासून खातेच्या प्रॉक्सीपर्यंत तोच नंबर राहतो. फक्त त्याआधीच्या टप्प्यापासून, म्हणजे गेटवेपासून, साखळी जुळवायची असेल तर मधल्या सेवेने आलेला नंबर पुढे द्यावा लागतो. ते कोड तुमचं, मेश ते करून देत नाही. आमच्याकडे नव्हतं. आता आहे.

एक अडचण: हा अॅक्सेस लॉग इस्टिओच्या मूळ इन्स्टॉलमध्ये बंद असतो, डेमो प्रोफाइलमध्ये चालू. त्यामुळे डेमोवर शिकलेली माणसं प्रॉडक्शनवर लॉग शोधत बसतात. टेलिमेट्री नावाच्या रिसोर्सने तो एका नेमस्पेसपुरता किंवा एका सेवेपुरता चालू करता येतो, पॉड रीस्टार्ट न करता.

रीस्टार्टवरून आठवलं, आणि हे मी जरा जोरात बोलणार आहे. काही बिघडलं की आपला हात आधी रीस्टार्टकडे जातो. टीव्ही बंद करून चालू केला, तसं. कुबरनेटीसमध्ये रोलआउट रीस्टार्ट केलं की जुने पॉड जातात, त्यांच्याबरोबर त्यांचे लॉगही. लॉग दुसरीकडे साठवत नसाल तर संपलं. पॉड तोच राहून आतला कंटेनर पडला असेल तर 'प्रीव्हियस' पर्याय देऊन आधीचे लॉग मिळतात, पण पॉडच गेला तर तेही नाही. आणि रीस्टार्ट न करताही पुरावा वितळतो: कंटेनरचा लॉग साधारण दहा एमबी झाला की फाईल बदलते, लॉग मागितले की चालू फाईलमधलंच मिळतं. कुबरनेटीसचे इव्हेंट तर मूळ सेटिंगला एक तासच राहतात. सकाळच्या घोटाळ्याचे इव्हेंट चहा-नाश्ता करून शोधायला गेलात तर नसतील. ग्राहक अडकलेला असेल तर रीस्टार्ट करावाच लागतो, मी नाही म्हणत नाही. पण आधी दोन मिनिटं द्या, लॉग फाईलमध्ये उतरवा, मग करा.

बाकीचं सामान आता भराभर सांगतो.

व्हर्जन सांगा, आणि एकच नाही. इस्टिओ-सीटीएल व्हर्जन ही कमांड क्लायंट, कंट्रोल प्लेन आणि प्रॉक्सी तिन्ही दाखवते. अपग्रेड अर्धवट राहिलं असेल तर प्रॉक्सी वेगवेगळ्या व्हर्जनचे दिसतात, आणि कधीकधी तिकीट तिथेच संपतं. इस्टिओची नवी आवृत्ती वर्षातून साधारण चार वेळा येते, त्यामुळे दीड वर्ष जुनी चालवत असाल तर पहिलं उत्तर 'आधी अपग्रेड करा' येणार, रागावू नका. कुबरनेटीसचं व्हर्जन, कोणता क्लाउड, साइडकार आहे की अॅम्बियंट, तेही लिहा. अॅम्बियंटमध्ये दारात साइडकार नसतो, प्रत्येक नोडवर झेडटनेल असतो, म्हणजे लॉग शोधायची जागाच बदलते.

मग प्रॉक्सी-स्टेटस. मुख्य ऑफिसने पाठवलेल्या सूचना दारवानापर्यंत पोचल्या का, ते कळतं. 'सिंक्ड' दिसलं तर ठीक, 'स्टेल' दिसलं तर घोटाळा वाटेतच आहे. मग अॅनालाइझ. त्याने कॉन्फिगमधल्या ढोबळ चुका निघतात. हे तिकिटाआधी स्वतःसाठी चालवा. अर्ध्या वेळा तिकीट टाकावंच लागत नाही.

पुढे प्रॉक्सी-कॉन्फिग. त्या पॉडच्या प्रॉक्सीच्या डोक्यात खरोखर काय आहे ते ही कमांड दाखवते: रस्ते, ठिकाणं, सर्टिफिकेटं. तुम्ही यॅमलमध्ये काय लिहिलंय ते वेगळं आणि प्रॉक्सीला काय कळलंय ते वेगळं. सपोर्टला दोन्ही लागतं.

आणि हे सगळं एका झटक्यात गोळा करणारी कमांड आहे, बग-रिपोर्ट. ती क्लस्टरची माहिती, कंट्रोल प्लेनचे लॉग, प्रॉक्सीचे लॉग आणि कॉन्फिग सगळं एका दाबलेल्या फाईलमध्ये बांधून देते. पण नुसती चालवू नका. नेमस्पेस आणि वेळ सांगून मर्यादा घाला. मी पहिल्यांदा अख्ख्या क्लस्टरवर चालवली आणि भलंमोठं गाठोडं झालं. सपोर्टच्या माणसाने त्यात शोधायचं कुठे? गाठोडं द्या, पण सोबत साध्या भाषेत चार ओळी: कुठून कुठे हाक, कोणत्या वेळी, कोणता नंबर, काय अपेक्षित होतं आणि काय झालं. आणि अलीकडे काय बदललं. 'काहीच बदललं नाही' असं लिहिण्याआधी टीममध्ये दोघांना विचारा. आमच्याकडे आठवडाभरापूर्वीच 'खाते' सेवा मेशमध्ये घेतली होती. मला ते 'बदल' वाटलंच नाही, कारण कोडची एक ओळही बदलली नव्हती.

आता काय द्यायचं नाही. इथे मी स्वतः घसरता घसरता वाचलोय.

बग-रिपोर्ट सीक्रेटचा मजकूर आपणहून घेत नाही, तो मुद्दाम मागावा लागतो. एन्व्हॉयच्या कॉन्फिग डंपमध्येही खासगी किल्ल्या झाकलेल्या असतात. त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण अॅक्सेस लॉगमध्ये पूर्ण पत्ता येतो, प्रश्नचिन्हापुढच्या भागासकट. आमच्या पत्त्यात शेतकऱ्याचा मोबाईल नंबर होता. म्हणजे पाठवायच्या फाईलमध्ये शेकडो माणसांचे नंबर, कुणी किती दूध घातलं त्याच्या शेजारी. त्यांनी ते आम्हाला दिले होते, दूरच्या कुठल्या कंपनीच्या तिकीट सिस्टिमला नाही. डेप्लॉयमेंटचं यॅमल जसंच्या तसं पाठवलं तर त्यात कुणीतरी एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहून ठेवलेला डेटाबेसचा पासवर्ड जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डीबग लॉग. प्रॉक्सीची पातळी डीबगवर नेली की हेडर छापले जातात, त्यात लॉगिनचं टोकन असू शकतं. म्हणून डीबग एकाच पॉडवर, फक्त एचटीटीपी आणि कनेक्शनपुरतं, पाच-दहा मिनिटं, आणि मग परत वॉर्निंगवर. परत नेणं लोक विसरतात. मी फोनवर गजर लावतो.

झाकताना एक काळजी घ्या. प्रत्येक नंबर पुसून 'एक्सएक्सएक्स' केलं की कोणती हाक कुणाची तेही पुसलं जातं. त्याऐवजी एका नंबरला सगळीकडे 'शेतकरी-१', दुसऱ्याला 'शेतकरी-२' असं बदला. छोटी स्क्रिप्ट पुरते. रिक्वेस्ट-आयडी, वेळ आणि पॉडचं नाव यांना हात लावू नका.

तर दोन्ही दारांच्या ओळी, एकच आयडी, यूटीसी वेळ, असं नव्याने तिकीट लिहिलं. उत्तर त्याच रात्री आलं आणि त्यात प्रश्न एकच होता: 'खाते' सेवा नोडमध्ये लिहिली आहे का आणि तिचा कीप-अलाइव्ह किती आहे?

बघितलं तर पाच सेकंद. नोडच्या सर्व्हरचा हा डीफॉल्ट बरीच वर्षं तेवढाच होता. म्हणजे कनेक्शन पाच सेकंद रिकामं राहिलं की आमची सेवा ते बंद करते. दारातला प्रॉक्सी मात्र तेच कनेक्शन तासभर उघडं आहे असं धरून चालतो. बरोबर पाचव्या सेकंदाच्या आसपास नवी हाक आली, की प्रॉक्सी ती जुन्या कनेक्शनवर टाकतो आणि त्याच क्षणी आतून दार लागतं. यूसी. गर्दीत कनेक्शन पाच सेकंद रिकामं राहतच नाही, म्हणून चूक नाही. संकलन सुरू होताना आणि संपताना दोन माणसांमध्ये तेवढं अंतर पडतं. एक जण कॅन ओततो, नमुना मशीनमध्ये जातो, तोवर पाच सेकंद होतात. रांगेतल्या शेवटच्या माणसाची पावती अडकायची ती यामुळे.

चूक मेशची नव्हती, आमची होती. खात्री करायला सपोर्टने प्रॉक्सी आणि अॅप यांच्यामधलं पॅकेट कॅप्चर मागितलं. दोन प्रॉक्सींच्या मधलं संभाषण कुलूपबंद असतं, तिथे पकडून काही वाचता येत नाही. पण प्रॉक्सी आणि त्याच्या मागचं अॅप एकाच पॉडमध्ये साध्या भाषेत बोलतात. तिथे तात्पुरता डीबग कंटेनर जोडून पकडलं, तर कनेक्शन बंद करणारं पॅकेट आमच्या अॅपकडून निघालेलं स्वच्छ दिसलं. साधी भाषा असल्यामुळे ती फाईल मात्र मी पाठवली नाही. फक्त पॅकेटच्या वेळा आणि फ्लॅग काढून पाठवले, तेवढे पुरले.

अॅपचा कीप-अलाइव्ह वाढवला, प्रॉक्सीचा रिकामा वेळ त्याच्यापेक्षा कमी ठेवला. दोन ओळींचा बदल. केंद्रांवरच्या वह्या मात्र अजून काउंटरवरच आहेत, ऑपरेटर म्हणतात राहू द्या. मी काही बोललो नाही.

एका श्रोत्याचा प्रश्न आधीच आला होता, तोही घेतो: गावातल्या नेटवरून एवढं मोठं गाठोडं अपलोड कसं केलं? केलंच नाही. पहिल्यांदा लॅपटॉपवर उतरवायला गेलो, अर्ध्यात तुटलं. मग कळलं की फाईल चिंचपाड्यात आणायची गरजच नाही. क्लस्टरच्या शेजारी क्लाउडमध्येच एक छोटं मशीन असतं, त्यावर लॉगिन करून कमांड तिथेच चालवली, झाकायची स्क्रिप्ट तिथेच चालवली, आणि तिथूनच सपोर्टच्या लिंकवर चढवली. माझ्या नेटवरून गेली ती फक्त टाइप केलेली अक्षरं. त्या मशीनवरची मूळ फाईल तिकीट बंद झाल्यावर पुसायची, एवढं लक्षात ठेवा. मी आज सकाळीच पुसली.